मूल स्पर्धेहून परत येते तेव्हा

अमरावतीहून धारणीकडे निघालेली एसटी परतवाडा सोडून घाटाला लागली, की गाडीतले बोलणे हळूहळू कमी होत जाते. घटांग, सेमाडोह, हरिसाल ही गावे एकेक करून मागे पडतात. मेळघाटच्या जंगलातून वळणे घेत जाणारा हा प्रवास दीडशे किलोमीटरच्या आसपासचा आहे. शालेय क्रीडा स्पर्धांच्या दिवसांत या गाडीत एखादा तरी संघ असतोच. कधी कबड्डीचा, कधी खो-खोचा, कधी धावण्याच्या शर्यतींसाठी आलेल्या मुलामुलींचा. सोबत एक शिक्षक आणि पायांशी ठेवलेल्या पिशव्या. जिंकलेली मुले मागच्या बाकांवर गोंधळ घालतात. हरलेली मुले खिडकीच्या गजांना डोके टेकून बाहेरचा काळोख पाहत बसतात. त्यांना चार-पाच तास तसेच बसायचे असते.

त्याच संध्याकाळी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या वसाहतीत दुसरे एक मूल स्पर्धेहून घरी निघालेले असते. त्याचा प्रवास वीस मिनिटांचा. गाडी वडील चालवतात, आई शेजारी बसलेली असते, मूल मागे. मैदानाचे फाटक ओलांडण्यापूर्वीच प्रश्न सुरू होतात. तो चेंडू सोडलास कसा? सर काय सांगत होते, तुझे लक्ष कुठे होते? दरमहा एवढे शुल्क भरतो ते कशासाठी? मूल उत्तर देत नाही. तेही खिडकीबाहेरच पाहत असते.

खेळणाऱ्या मुलाला पालकांनी कसा आधार द्यावा, याविषयी सल्ल्यांची आज टंचाई नाही. बूट कोणते घ्यावेत, शिबिर कोणते निवडावे, प्रथिने किती द्यावीत, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु मुलाच्या मनात खेळाविषयी ओढ राहणार की धास्ती, हे बव्हंशी मैदानावर ठरत नाही. ते या परतीच्या वाटेवर ठरते. अमेरिकेतील ब्रूस ब्राउन आणि रॉब मिलर या दोन प्रशिक्षकांनी अनेक वर्षे महाविद्यालयीन खेळाडूंशी याच विषयावर संवाद साधला. बालपणीच्या खेळातील सर्वांत नकोशी आठवण कोणती, असे ते विचारीत. सामन्यानंतर आई-वडिलांसोबत गाडीने घरी जाणे, असे उत्तर त्यांना वारंवार मिळाले. आई-वडिलांचे कोणते बोलणे आवडत असे, याचे उत्तरही साधे होते: तुला खेळताना पाहायला आवडते, एवढेच. ही काही काटेकोर शास्त्रीय पाहणी नव्हती. तरीही ज्याने लहानपणी एकदा तरी हरून वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून घर गाठले आहे, त्याला हे उत्तर पटायला आकडेवारीची गरज भासणार नाही.

दोन टोकांचे पालक

धारणीच्या मुलाची आई किंवा वडील मैदानाच्या कडेला सहसा नसतात. यामागे अनास्था नाही. मेळघाटात प्रामुख्याने कोरकू समाजाची वस्ती आहे. खरिपाची कामे उरकली, दिवाळी झाली, की अनेक कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवरच्या मुलखाकडे जातात आणि होळीला परत येतात, कारण होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे तालुका आणि जिल्हा पार करून मूल जेव्हा विभागापर्यंत पोहोचते, नेमके तेव्हाच घराला कुलूप लागलेले असण्याचा संभव असतो. त्यात भाषेचा अडसर. कोरकू ही मराठीच्या कुळातली बोली नव्हे. ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. शाळेकडून येणारे संमतीपत्र मराठीत, सूचना मराठीत, प्रमाणपत्रही मराठीत. आपल्या मुलाने नेमके काय मिळवले, हे त्या कागदावरून आईला कळेलच असे नाही.

शहरातला पालक दुसऱ्या टोकाला उभा असतो. तो सरावालाही येतो, सामन्यालाही येतो, पंचांशी वाद घालतो, प्रशिक्षकाला संघ कसा निवडावा हे सांगतो आणि रात्री मोबाइलवर केलेले चित्रण पाहत मुलाच्या चुका मोजतो. त्याचे प्रेम खोटे नसते. पण मैदानावर एकाच वेळी दोन आवाज ऐकू येऊ लागले, की मूल धड एकाचेही ऐकू शकत नाही. प्रशिक्षक सांगतो थांब, वडील ओरडतात धाव. बारा वर्षांच्या मुलाने अशा वेळी कोणाची आज्ञा मोडावी?

धारणीच्या पालकाचे गैरहजर असणे आदर्श आहे, असे कोणी समजू नये. दारिद्र्याने लादलेल्या अंतराला उदात्त रंग देण्याचा मोह शहरी लेखकांना फार असतो. तो टाळलेला बरा. आपले खेळणे पाहायला घरचे कोणीतरी यावे, ही इच्छा आश्रमशाळेतल्या मुलालाही असतेच. मात्र दोन्हीकडच्या मुलांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. आज मी हरलो, तर घरातले माझे स्थान कालच्याइतकेच पक्के आहे ना? धारणीच्या मुलाला याचे उत्तर मिळायला वेळ लागतो. शहरातल्या मुलाला ते वीस मिनिटांत मिळते, आणि अनेकदा चुकीचे मिळते.

तेव्हा सामना संपल्यावर पहिला तासभर तरी खेळाचे विश्लेषण पूर्णपणे बंद ठेवावे. भूक लागली आहे का, पाणी प्यालास का, कुठे लागले तर नाही ना, एवढे विचारावे. मूल स्वतः बोलू लागले तर ऐकावे, मध्येच दुरुस्त करू नये. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांची एक पद्धत असे. हरून आलेल्या पोराला ते म्हणत, ‘हरला तं हरला, चाल, जेवाले बस.’ त्यात विषय टाळणे नव्हते. हरणे आणि जेवणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्या चार शब्दांत मुलाला कळत असे.

येथे स्वप्नील कुसाळे या नेमबाजाच्या घरची गोष्ट आठवते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी हे त्याचे गाव, वडील शिक्षक. २००९ पासून तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. त्याचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून आदल्या दिवशी आपण त्याला फोन केला नाही, असे वडिलांनी नंतर सांगितले. मुलगा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचला असताना फोन उचलून पुन्हा खाली ठेवायचा, यासाठी लागणारा संयम काय असतो, हे पालकांनाच कळेल.

शाबासकी कशाची द्यावी?

जिंकलेल्या मुलाशी बोलतानाही चुका होतात. ‘तू तर जन्मजात खेळाडू आहेस’ हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण त्याचे ओझे होते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकेतील पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काही मुलांच्या हुशारीची स्तुती केली, काहींच्या मेहनतीची. त्यानंतर सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यांत बहुतेक मुले अडखळली. मग पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हणून गौरवलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षाही घसरली. मेहनतीची दाद मिळालेल्यांची मात्र सुधारली. पुढच्या काळात या विषयावर बराच ऊहापोह झाला आणि प्रत्येक प्रयोगात परिणाम तितकाच ठळक दिसला नाही. पण मूळ निरीक्षण व्यवहारात उपयोगी आहे. जो जन्मजात खेळाडू ठरतो, त्याला एक पराभवदेखील परवडत नाही. एकदा हरला, की तो मुळात खेळाडूच नव्हता असे सिद्ध होते; निदान त्याला तसे वाटते.

म्हणून शाबासकी नेमकी द्यावी. ‘शेवटच्या फेरीत दम लागला होता, तरी तू पाय थांबू दिले नाहीस’ किंवा ‘बाद झाल्यावर तू बाहेर बसून सोबत्यांना हाक देत होतास, ते मला आवडले’. अशी वाक्ये बोलण्यासाठी पालकाला खेळाचे नियम ठाऊक असण्याची गरज नाही. मुलाकडे लक्ष असण्याची आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, हे तर सर्वच सांगतात. पण त्याहून सूक्ष्म आणि अधिक बोचणारी तुलना असते ती वडिलांच्या स्वतःच्या बालपणाशी: ‘आमच्या वेळी बूटही नव्हते.’ या वाक्यानंतर मूल काय बोलणार?

खर्चाचेही तसेच. घरची परिस्थिती मुलाला माहीत असावी, ती लपवण्यात अर्थ नाही. परंतु हरल्याच्या दिवशी शुल्काचा हिशेब मांडला, की मुलाच्या लेखी खेळ हे कर्ज होऊन बसते आणि पदक म्हणजे त्याची परतफेड.

वय, उंची आणि खोटी तारीख

पालक ज्या गोष्टीवरून सर्वाधिक अस्वस्थ होतात, ती म्हणजे निवड. आपला मुलगा चांगला खेळतो आणि तरी संघात नाही, याचा अर्थ कोणीतरी वशिला लावला, असा निष्कर्ष झटकन निघतो. तसे कधी होत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु आणखी एक कारण असते आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. चौदा वर्षांखालील गटात जन्मतारखेची जी सीमा ठरलेली असते, तिच्या लगेच नंतर जन्मलेले मूल गटात सर्वांत मोठे असते आणि पुढच्या सीमेच्या तोंडाशी जन्मलेले सर्वांत लहान. दोघांत जवळजवळ वर्षाचा फरक. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका वर्षात उंची आणि ताकद किती वाढते, हे घरोघरी दिसते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये तेथील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. ती मुले अधिक गुणी होती म्हणून नव्हे. निवडीच्या दिवशी ती मोठी होती म्हणून. एकदा निवडली गेल्यावर चांगले प्रशिक्षण आणि अधिक सामने त्यांनाच मिळाले आणि फरक वाढतच गेला.

याचा अर्थ, आज मागे पडलेले मूल उद्याही मागेच राहील असे नाही. त्याची वाढ उशिरा होत असेल, तर पालकाचे काम त्याला दोन-तीन वर्षे खेळात टिकवून धरणे, एवढेच आहे. आपल्याकडे या प्रश्नाला एक गमतीदार पदर आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख टाकली, अशा माणसांची एक पिढीच महाराष्ट्रात आहे. ती सोयीची बाब होती. तिच्यात लबाडी नव्हती. आता मात्र मुलाला खालच्या वयोगटात खेळवता यावे म्हणून दाखला बदलून आणणारे पालक भेटतात. क्रिकेट नियामक मंडळाला २०१२ पासून हाडांच्या चाचणीने वय ताडण्याची पद्धत अवलंबावी लागली, ती याच वयचोरीपायी. अशा मदतीने मुलाला एखादा चषक मिळतो. त्याचबरोबर आपल्या खऱ्या वयाच्या मुलांपुढे आपला टिकाव लागणार नाही, असे आपल्याच वडिलांना वाटते, हेही त्याला समजते.

सवलतीच्या गुणांचे प्रकरणही येथेच सांगायला हवे. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण, या दोन्ही तरतुदी चांगल्या हेतूने झाल्या. धारणीसारख्या ठिकाणच्या मुलासाठी तर त्या आयुष्य बदलणाऱ्या ठरू शकतात, आणि त्यांची माहिती पालकांपर्यंत पोहोचवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. पण प्रमाणपत्रासाठीच खेळ, अशी उलटी वाट काहींनी धरली आणि पुढे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजली. त्यात खऱ्या खेळाडूंनाही संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या.

लहान वयात निकालाला किती महत्त्व द्यावे, याचे एक उदाहरण नॉर्वेचे आहे. त्या देशाच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियमावली केली आणि २००७ मध्ये ती सुधारली. त्यानुसार अकराव्या वर्षापूर्वी गुणतक्ते आणि क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद तर तेराव्या वर्षापूर्वी नाहीच. मुले यामुळे मवाळ होतील, अशी शंका आपल्याकडच्या अनेकांना येईल. त्याच नॉर्वेने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके घेऊन पहिला क्रमांक मिळवला आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदके जिंकली. देश पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा. हे सारे त्या नियमांमुळेच झाले, असे म्हणता येणार नाही. बर्फही आहे, पैसाही आहे. पण मुलांना आधी खेळू दिल्याने देशाचे नुकसान झाले नाही, एवढे तरी खरे.

शरीराची काळजी

खेळाडू मुलाचा आहार म्हटला, की डबाबंद भुकट्यांच्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. वाढत्या मुलाला त्यांची गरज नसते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध, हंगामी भाज्या एवढे पोटभर आणि वेळेवर मिळाले, तर पुष्कळ झाले. मेळघाटात मुळात हाच प्रश्न आहे. कुपोषणासाठी हा भाग १९९० च्या दशकापासून देशभर चर्चेत आहे. उपाशी पोटी धावणाऱ्या मुलाला जिद्दीचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरते. मैदानावर उतरण्यापूर्वी मुलाच्या पोटात काय गेले आहे, हे शिक्षकाने रोज विचारले, तरी बरेच काही साधेल.

विदर्भातील पालकांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. येथील आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक दोष आढळतो. कठोर सराव सुरू करण्यापूर्वी मुलाची रक्ततपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत ती होते. केवळ वाहक असलेल्या मुलाने खेळू नये, असे मुळीच नाही. मात्र त्याला पाणी वारंवार मिळाले पाहिजे, धाप लागल्यावर थांबण्याची मुभा पाहिजे आणि वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात त्याला पळवता कामा नये. खरे तर त्या उन्हात कोणालाच पळवता कामा नये. उन्हाळी शिबिरे पहाटे भरवतात ती याचसाठी. आठ वाजल्यानंतरही सराव चालू राहत असेल, तर पालकाने प्रशिक्षकाला अवश्य विचारावे. हा हस्तक्षेप नव्हे.

विश्रांतीबाबत अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. आठवड्यातून एक-दोन दिवस खेळाला पूर्ण सुट्टी, वर्षभरात एकेक महिना करून एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर, आणि शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जखडून घेणे नाही. वाढत्या हाडांवर तोच ताण रोज पडला, की गुडघ्याखाली, टाचेत, खांद्यात दुखणी सुरू होतात. ‘दुखते’ असे मूल म्हणाले, तर ते सबब सांगते आहे असे आधी गृहीत धरू नये.

मुलींच्या बाबतीत बारा-तेरा हे वय फार नाजूक ठरते. तोवर मुलांच्या बरोबरीने धावणारी मुलगी एकाएकी मैदानावर दिसेनाशी होते. पाळी सुरू झालेली असते, कपड्यांचा संकोच वाटू लागतो, स्पर्धेच्या गावी स्वच्छतागृह असेल की नाही याची धास्ती असते, आणि घरात ‘आता पुरे’ असा सूर निघू लागतो. येथे आईचा शब्द निर्णायक असतो. स्पर्धेला सोबत शिक्षिका आहे का, मुक्कामाची सोय कोठे आहे, हे पालकांनी जरूर विचारावे. खात्री पटली की मात्र मोकळ्या मनाने पाठवावे. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. तिच्या यशाचे ढोल वाजवताना अशा किती मुली बाराव्या वर्षी घरी थांबल्या असतील, याचाही विचार मनात येतो.

दूर पाठवताना

धारणीच्या मुलासाठी खेळात पुढे जाणे म्हणजे बहुधा घर सोडणे. अमरावती हे या बाबतीत भाग्यवान शहर. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला होता. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे धनुर्विद्या केंद्रही येथे आहे. प्रबोधिनीसाठी लहान वयातच मुलांची चाचणी होते. उंची, वजन, ३० मीटर आणि ८०० मीटर धावणे, उभी उडी, चेंडूफेक, लवचीकता असे सारे पाहिले जाते आणि मग खेळ ठरतो.

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव असाच निवडला गेला. आई-वडील मजुरी करणारे. शाळेतल्या शिक्षकाने त्याला आधी धावायला लावले, प्रबोधिनीत आल्यावर त्याच्या हाती धनुष्य आले आणि पुढे तो अमरावतीच्या केंद्रात घडला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने पहिल्याच फेरीत रशियाच्या गालसान बाझारझापोव्ह या अव्वल धनुर्धराला ६-० असे हरवले. दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून त्याच फरकाने तो हरला. त्याच्या आई-वडिलांनी त्याला तंत्र शिकवले नाही, साहित्य घेऊन देण्याची त्यांची ऐपत नव्हती. मुलाला परगावी जाऊ देणे आणि शिक्षकांवर विश्वास ठेवणे, हेच त्यांच्या हाती होते.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातल्या अदिती स्वामीचे. मुलीला सराव करता यावा म्हणून तिच्या शिक्षक वडिलांनी शेरेवाडीहून साताऱ्याला बिऱ्हाड हलवले. ऑगस्ट २०२३ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी ती कंपाउंड प्रकारात वरिष्ठ गटाची जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांचे जगज्जेतेपद नागपूरच्या ओजस देवतळेने मिळवले. आणि गाव पुन्हा बर्लिनच! अशा कथा प्रेरणा देतात, यात शंका नाही. मात्र त्या वाचताना हेही स्मरणात असावे, की मुलासाठी बिऱ्हाड हलवलेल्या, कर्ज काढलेल्या आणि मुलाला कोणतेही पदक न मिळालेल्या पालकांच्या बातम्या छापून येत नाहीत. त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. पदकाच्या अपेक्षेने केलेला त्याग पुढे मुलाच्या मानेवर बसतो. मुलीला हे करायला आवडते, आपल्याला ते झेपते, म्हणून करू, इतक्या हिशेबावर निर्णय टिकत असेल, तरच तो घ्यावा.

निवासी प्रबोधिनीत गेलेल्या मुलाला पहिले काही महिने घरची आठवण छळते. फोनवर ते रडते. अशा वेळी लगेच घेऊन येणे किंवा दटावणे, दोन्ही वाईट. हंगाम पूर्ण कर, मग आपण बसून ठरवू, असे सांगावे आणि हंगाम संपल्यावर खरोखर बसावे. मुलाचा निर्णय परत येण्याचा असेल, तर तो मान्य करावा. गावात चार लोक ‘पळून आला’ म्हणतील. त्यांना उत्तर देण्याचे काम बापाचे आहे, मुलाचे नव्हे. खेळ सोडणाऱ्या मुलांपैकी अनेकजण पुढे दुसऱ्या खेळात रमतात. घरच्यांच्या टोमण्यांनी मन उडालेले मूल मात्र पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही.

शाळांनाही थोडे करण्यासारखे आहे. संमतीपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी त्यातला मजकूर आईला कोरकूत समजावून सांगणारा एखादा वरच्या वर्गातला मुलगा शाळेत सहज मिळू शकतो. विभागीय स्पर्धेची तारीख दिवाळीपूर्वी कळली, तर मजुरीला निघणारे कुटुंब मुलाला आजीजवळ ठेवू शकते. स्पर्धा संपल्यावर शिक्षकाने मुलाच्या हाती मोबाइल देऊन दोन मिनिटे घरी बोलू द्यावे, निकाल काहीही असो.

एसटी रात्री धारणीला पोहोचते. आश्रमशाळेतली मुले वसतिगृहात जाऊन झोपतात. आई-वडिलांची भेट होते ती सवडीने, बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी, शाळेच्या फाटकाशी. बापाला खो-खोचे नियम ठाऊक नसतात. त्याने मुलालाच विचारावे, कसे बसतात, कोण कोणाला उठवतो, खांबाला हात लावून वळायचे ते कसे. पिशवी बाजूला ठेवून मूल धुळीत उकिडवे बसते आणि दाखवू लागते. हरलेला सामनाही ते मग पहिल्यापासून सांगते, कोणी न विचारता.